नऊ फुटांचा छज्जा

छज्जा पाडायचा की ठेवायचा, हे आज अठ्ठावीस पोरं मोजून ठरवणार होती. निदान श्रेयांस सरांचा बेत तसा होता. त्यांचे वडील आप्पा बेतबित करत नसत. त्यांनी गवंड्याला सोमवारी यायला सांगून टाकलं होतं.

श्रेयांस सर बेळगावच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला वास्तुकलेचा इतिहास शिकवत. दहा इमारतींत सगळा इतिहास, असा त्यांचा हिशेब. बेळगावच्या किल्ल्यातलं जैन मंदिर कमल बसदी, विजापूरचा गोल घुमट, रोमचं पँथिऑन असं करत करत नऊ इमारती जगाच्या. दहावी स्वतःची. बोरगावचं हे घर दोन मासिकांत छापून आलं होतं. चारी बाजूंनी नऊ फूट पुढं आलेला, डोळ्यांवर हात धरावा तसा खाली उतरलेला छज्जा. पोरं मागून म्हणत, पँथिऑनला सर अर्धा तास देतात आणि बोरगावला दीड.

प्रत्येक इमारतीला एक सिद्धांत होता. पँथिऑनचा सिद्धांत उजेडाचा. छपराला नेमकं कुठं भोक पाडायचं हे ज्याला कळलं तो वास्तुविशारद, बाकीचे सिमेंटची गिऱ्हाइकं, असं सर म्हणत. बोरगावचा सिद्धांत असा, की चांगली वास्तू राहणाऱ्याचा स्वभाव पालटते. त्याला पुरावा होता आक्काचा.

आक्का म्हणजे सरांची आई. या घरात राहायला आली आणि दोनच महिन्यांत तिचं एकाशन सुरू झालं. दिवसातून एकदा, सकाळी अकराला जेवायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी अकराला. असं अकरा वर्षं. बसदीच्या पंचांनी शाल घालून तिचा सत्कार केला, तो फोटो सरांच्या स्लाइडमध्ये होता. जुन्या घरात चूल आणि धूर, तिथं माणसाला वैराग्य कुठलं सुचायला, असं सर वर्गात म्हणत. ते फोनवर विचारायचे, जेवलीस का गं? ती म्हणायची, तुझ्या घरात भूकच लागत न्हाय रं. एवढं सांगून सर हसत. वर्गही हसे.

गेल्या माघात आक्का गेली. शेवटी वजन चौतीस किलो होतं. निपाणीच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून लिहिलं. सर त्या वर्षात चार वेळा आले होते, त्यातल्या दोन वेळा फोटोग्राफरला घेऊन. हे त्यांना आता फार लागायचं. घरानं तिला शांती तरी दिली, एवढाच काय तो आधार. आणि आप्पा नेमका तोच आधार पाडायला निघाले होते.

सकाळी सरांनी विचारलं होतं, "का पाडायचा, कारण तरी सांगा."

"कारण सांगायचं न्हाय असं ठरलंय."

"कुणाशी?"

आप्पांनी पायताण घातलं आणि तंबाखूच्या रानात गेले. ते पाचला येत आणि लगेच जेवायला बसत. चाळीस वर्षं पाचलाच.

दुपारी दोनला बस आली. सरांनी पोरांना खोल्या वाटून दिल्या. घर किती गार राहतं आणि उजेड किती सौम्य असतो, याचे आकडे काढून ते आप्पांपुढं ठेवायचे होते. थर्मामीटर होते, पण उजेड मोजायचं यंत्र सरांनी आणू दिलं नव्हतं.

त्यांनी तळहात पुढं केला. "हे यंत्र. माझ्या आईचं. जुन्या घरात संध्याकाळच्या जेवणाआधी ती पाटावर बसून हात असा धरायची. आम्हा जैनांत अंधार पडल्यावर जेवत नाहीत; रेषा दिसल्या तर जेवायचं, नाहीतर नाही. दिव्याच्या उजेडाला ती उजेड मानत नसे. तर सगळे दिवे बंद करा, दर पाव तासाला हात बघा."

खानापूरकडचा साईराज म्हणाला, त्याच्या हातावर विद्येची रेषा मुळातच नाही, मग काय करायचं. त्याला गच्ची मिळाली. शांत स्वभावाच्या क्षमाला पूर्वेचं स्वयंपाकघर मिळालं. सरांनी तिला भिंतीलगतचा पाट दाखवला. आक्का तिथंच बसे, आप्पांचं जेवण उरकल्यावर. स्वयंपाकाच्या सोवळ्या चौक्याबाहेर तिनं कधी घास घेतला नाही.

आकडे चांगले येत होते. बाहेरपेक्षा आत पाच अंश गार. सोप्यात उजेड लोण्यासारखा. सर प्रत्येक वहीत डोकावत, खूश होत. आप्पांना काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

पाचला थोडा वेळ असताना क्षमा वही घेऊन आली.

"सर, माझा तक्ता लवकर संपला. पाटाजवळ सव्वाचारलाच रेषा गेल्या."

"नीट बघितलंस?"

"तीनदा बघितलं. शंका आली म्हणून अंगणातही जाऊन आले. बाहेर लख्ख आहे. सूर्य मावळायला तास आहे अजून."

सर आत गेले. पाटावर बसले. हात धरला.

रेषा नव्हत्या. मोरीवर पाय धुतल्याचा आवाज आला, मग दारात आप्पा उभे राहिले. त्यांनी दिवा लावला नाही. मुलाकडं बघितलं, त्याच्या पुढं केलेल्या हाताकडं बघितलं.

"आप्पा, आक्कानं एकाशनाचा नेम कुणाकडनं घेतलता?"

"नेम कुठला रं," आप्पा म्हणाले. "मी जेवलो की ती रोज आपलं ताट वाढून घेत होती, हात बघत होती, आन् ताट झाकून ठेवत होती."