वेशीवरची बाई

ऑस्ट्रेलियातल्या त्या आडगावात जितेंद्रने कॅरॅव्हॅन थांबवली. पुढे दुसरं राज्य लागत होतं. चौकीवरच्या बाईने आत डोकावून त्याच्या वडिलांच्या मांडीवरची केळी पाहिली आणि कचऱ्याच्या पेटीकडे बोट दाखवलं.

उखर्डूआबा भडकले. "फैजपूरले चाळीस वर्षं केळी पिकवली मी! एवढं चांगलं फळ कचऱ्यात टाकू? माज आला का हिले?"

"आबा, फळासोबत रोग जातो. पलीकडच्या बागा वाचाव्यात म्हणून करतात ते."

खाली उतरून आबांनी अख्खी फणी पेटीत टाकली आणि परत येऊन जितेंद्रवरच ओरडले,

"गेल्या साली रोगट रोपं गावात आली, अन् माह्या हातानं मले सारी बाग उपटावी लागली. तेव्हा आपल्या वेशीवर कुठे होती रे अशी एक बाई?"