चारही चाकं, पन्नास मिलिमीटर

साबणाचं पाणी मारून पंधरा मिनिटं झाली, तरी एकही बुडबुडा उठला नाही. मेकॅनिक जॅसिंटा गाडीखालून सरकत बाहेर आली आणि म्हणाली, "हवा कुठूनच सुटत नाहीये."

"मग रोज सकाळी बसते ती काय, थकून?" ग्लेनिस पोकॉकने विचारलं.

गाडी चौदा वर्षांची, मोठी आणि उंच. तिला लोखंडी स्प्रिंगांऐवजी चार चाकांवर चार रबरी फुगे होते. त्यांतली हवा गाडी तोलून धरायची. गेले तीन आठवडे, संध्याकाळी नीट उभी केलेली गाडी सकाळी खाली बसलेली सापडत होती. चालू करून थोडी पुढे घेतली की पंप घुमायचा आणि मिनिटभरात ती पुन्हा वर यायची.

एखाद्या दिवशी ती वर आलीच नाही तर, ही ग्लेनिसची भीती होती. दर शुक्रवारी तिला नवऱ्याला, मर्व्हला, क्लोनकरी गावाहून माउंट आयझा शहरात व्यायामोपचारासाठी न्यावं लागे. सव्वाशे किलोमीटर, आणि मधल्या रस्त्यात फोन लागत नाही. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आल्यापासून मर्व्ह तिच्या आधाराशिवाय खुर्चीतून उठला नव्हता. सहा महिन्यांत काहीच प्रगती नाही, असं उपचार करणारी बाई दोनदा बोलून गेली होती. आता एक शुक्रवार चुकला असता तरी ती वेळ दुसऱ्या कुणाला गेली असती.

गावातल्या सगळ्यांचं मत एकच होतं, फुगे काढा आणि स्प्रिंगा टाका. शेजारचा नेव्हिल तर म्हणाला होता की फुगे वाढदिवसाला ठीक, गाडीला कशाला.

जॅसिंटाला मात्र कारण कळल्याशिवाय काही बदलणं आवडत नसे. तिने गाडी तीन रात्री गॅरेजमध्ये ठेवून घेतली. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजलं. चौथ्या सकाळी एका मिलिमीटरचाही फरक नव्हता. मग तिने गाडी परत दिली, सोबत टेप दिली आणि घरी रोज मोजायला सांगितलं.

मंगळवारी ग्लेनिस चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आकडे लिहून घेऊन आली. तीन दिवस, चारही चाकं, रात्रीपेक्षा पन्नास मिलिमीटर खाली. कुठे एकोणपन्नास नाही की एक्कावन्न नाही.

जॅसिंटा त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिली. फुगा चिरला तर एकच कोपरा आधी खाली जातो आणि कमी-जास्त जातो. ही गाडी मोजून बसत होती.

"बसताना फुस्स असा आवाज येतो का?"

"मला काय कळणार, पोरी? कानातली यंत्रं मी सकाळच्या चहानंतर लावते. आणि तुझ्या माणसांना सांग, सीट मागे सरकवत जाऊ नका. माझे पाय पोचत नाहीत."

जॅसिंटाने पुठ्ठा बाकावर ठेवला. गॅरेजमध्ये तिच्याशिवाय दुसरं माणूस नव्हतं, आणि उंचीला ती ग्लेनिसएवढीच होती.

तिने मर्व्हची चौकशी केली. ग्लेनिस म्हणाली की तो तसाच आहे. ती बाई म्हणते पाय उचला, आणि हा भिंतीकडे बघत बसतो. चाळीस वर्षं तीन-तीन डब्यांचे ट्रक हाकलेला माणूस. चारचौघांत चुकणं त्याला कधीच सोसलं नाही. गाडीला जोडलेली कॅरॅव्हॅन मागे घ्यायला तो रिकाम्या रेसकोर्सवर जाऊन शिकला होता. तिला महिनाभर पत्ता लागू दिला नाही, आणि एक दिवस एका झटक्यात अंगणात लावून मोकळा झाला.

"आता भिंतच बरी वाटते त्याला," ग्लेनिस म्हणाली.

चारही फुग्यांना हवा वाटणाऱ्या झडपेत दोष असावा, असा जॅसिंटाचा अंदाज होता. पण ती झडप ब्रिस्बेनहून यायला दहा दिवस लागणार होते.

"मग स्प्रिंगा टाक," ग्लेनिस म्हणाली. "मला शुक्रवारी निघायचंय."

"स्प्रिंगा टाकल्या की गाडी कायम याच उंचीवर राहील. चढायला सोपं जावं म्हणून आत खाली करायचं बटण आहे ना, दाबून दार लावलं की चालणारं, त्याचा मग काही उपयोग नाही."

"ते मर्व्ह वापरायचा, गुडघे दुखायचे म्हणून. आता त्याला मी आणि नेव्हिल उचलून आत ठेवतो. उंची आमच्या पाठीला कळते, त्याला नाही."

गुरुवारी सकाळी आठला पोकॉकांच्या घरी जायचं ठरलं होतं, पण उन्हाआधी काम उरकावं म्हणून जॅसिंटा सहालाच पोचली. व्हॅन रस्त्यावर लावून ती स्प्रिंगा घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये शिरली. स्वयंपाकघराचा दिवा अजून लागला नव्हता. गाडी पूर्ण उंचीवर उभी होती.

म्हणजे आज बसलीच नाही. फुगे काढण्याआधी एकदा शेवटचं मोजावं, म्हणून ती भिंतीकडच्या मागच्या चाकापाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने टेप लावली.

घराच्या मागच्या दाराकडून पावलं आली. सावकाश, थांबत, काहीतरी टेकत. ग्लेनिस उठली असावी, असं तिला वाटलं. गाडीचं पुढचं दार उघडलं. काही क्षणांनी पुन्हा बंद झालं.

आणि फुस्स असा आवाज आला.

टेपवर पत्र्याची कड खाली सरकू लागली. दहा, वीस, चाळीस. पन्नासावर थांबली. जॅसिंटा हळूच उठली आणि तिने काचेतून पलीकडे पाहिलं.

एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने छताची दांडी धरून मर्व्ह पोकॉक एकटा उभा होता, पायजम्यात, आणि आत चढण्यासाठी पुन्हा दार उघडत होता.