कमळाबाईंचा पाय

"पार्सल परत गेलंय, बाबा. तीनदा." कुरिअरवाल्या प्रगतीनं हातातलं पार्सलनोंदीचं मशीन हैबतींपुढं धरलं.

"काय लिवलंय त्यात?"

"ग्राहकाने नाकारले."

हैबती हसलेच. धनगरवाड्यावरून पायी उतरून, दोन गाड्या बदलून ते कापूरहोळच्या या कुरिअरच्या गोदामात आले होते, बायकोचा पाय न्यायला. पुण्याच्या कृत्रिम पायांच्या शिबिरात कमळाबाईंच्या गुडघ्याचं माप घेतलं, पुन्हा बोलावून पाय घालूनही बघितला. पक्का करून घरपोच पाठवतो म्हणाले होते. तेव्हापासून कमळाबाई दारात बसून वाटेकडं डोळे लावून होत्या. चुलीपर्यंत उभ्यानं जायचं, एवढंच त्यांचं मागणं.

"आमी कशापायी नाकारू? तुमचं मशीन येडं झालंया."

मशीन कुठलं वेडं! ते 'नाकारले' प्रगतीनंच त्यात लावून ठेवलं होतं ना! पानशेतच्या बंगलेवाल्यांना काय, हौसेनं मागवायचं आणि दारात आलं की नको म्हणायचं. पार्सल वाटणारी पोरं वैतागून गेली. दर वेळी परतीचं कारण निवडत बसा, आणि बॅटरी बसली की मशीन पुन्हा कोरं. "ताई, ते 'नाकारले' कायमचं लावून टाका की!" तिनं टाकलं लावून. असं पक्कं, की बॅटरी काढली तरी हलायचं नाही. पोरांनी तिला भेळ खाऊ घातली.

वाड्यावर तर पोरं चढतच नाहीत. गाडी पायथ्याला लावायची, फोन करायचा. वर रेंज नाही, फोन लागत नाही. मग परत फिरायचं आणि 'परत'चं बटण दाबून मोकळं व्हायचं. कारण काय ते मशीन आपलं आपण भरतं.

"बाबा, चूक माझी आहे," प्रगती म्हणाली, आणि तिनं त्यांच्यासमोरच शिबिरवाल्या संस्थेला फोन लावला.

पलीकडच्या बाई गोड बोलल्या. तीनदा नकार आला की नाव कमी होतं. पायाचे भाग सुटे करून दुसऱ्याला बसवले. पुढचं शिबिर कधी, ते सांगता येणार नाही. प्रगतीनं परोपरीनं समजावलं, शेवटी रडायलाच आली.

"अहो, आमच्याकडं तसं लिहून आलंय ना," बाई म्हणाल्या. "फुकट मिळालं की लोकांना किंमत नसते बघा."

प्रगतीनं फोन ठेवला. खणातली सगळी मशीन्स काढली आणि एकेकातलं ते 'नाकारले' पुसून टाकलं.

"आता परत असं होणार नाही, बाबा."

"आता आमाला कोण काय धाडतंय, पोरी?"

ते रागावले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पाय गुंडाळून आणायला कमळाबाईंनी दिलेलं लुगडं त्यांनी काखेत मारलं आणि ते निघाले. दारापर्यंत जाऊन पुन्हा माघारी आले.

"एवढं तरी सांग. घरी जाऊन तिला म्या काय सांगू? तुजा पाय तीनदा येऊन गेला, अन् तूच नगं म्हणालीस?"