अकरावी मेल

अकरावी मेल गेली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी छप्परवाला दारात हजर.

"बघा! म्हटलं होतं ना, लिहीत राहिलं की हलतात," ज्ञानदा मफलर गुंडाळत म्हणाली. "आज कळेलच पाणी कुठे मुरतंय ते."

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातली ती विद्यार्थ्यांची बिल्डिंग बारा घरांची. सगळ्यात वरच्या मजल्यावर ज्ञानदा, सिया आणि रेणू. बर्फ पडत होता तो बाराही घरांच्या डोक्यावर, गळत मात्र होतं एकट्या ह्यांच्याकडे, आणि तेही नेमकं ज्ञानदाच्या पलंगावर. उशाशी कुकरचं भांडं, पायाशी आइस्क्रीमचा रिकामा डबा, आणि मधे ही बाई अंग चोरून झोपलेली.

ज्ञानदाचे बाबा जन्मभर नगरपालिकेला तक्रारी लिहीत आले होते. लेकीचा हात तोच. तारीखवार फोटो, भांड्यात जमलेलं पाणी मोजून त्याचा तक्ता, सगळं जोडलेलं. अकराव्या मेलमध्ये तर तिने ठणकावलं होतं, 'जो कोणी जबाबदार असेल, त्याने आमच्या दारात उभं राहून सॉरी म्हणावं.'

बिल्डिंगच्या मॅनेजमेंटचं उत्तर दोन ओळींचं होतं. छप्परवाल्याच्या पाहणीत छप्पर खराब निघालं, तर तिघींना खालचा कॉर्नरचा मोठा फ्लॅट. चूक भाडेकरूंची निघाली, तर मे महिन्यात घर खाली करा. आणि ह्या गावात पुढच्या वर्षीची घरं दिवाळीतच संपतात! मे महिन्यात बॅगा घेऊन जायचं कुठे?

"आपली कसली आलीय चूक?" ज्ञानदा उसळली होती. "आपण काय छपरावर फुगड्या घालतो?"

खरं तर इतके शहाणे भाडेकरू बिल्डिंगमध्ये दुसरे नव्हते. ऑक्टोबरात एकदा सियाने मिरच्यांची फोडणी दिली, आगीचा अलार्म बोंबलला, बारा घरं पायजम्यावर अंगणात आणि दारात अग्निशमनाचे दोन बंब. अशी शोभा झाली की विचारू नका. मग ज्ञानदानेच डोकं लढवलं. स्वयंपाकघराच्या छतात माळ्यावर जायचं एक चौकोनी झाकण होतं. फोडणीआधी ते मॉपच्या दांड्याने सरकवायचं. धूर गुपचूप वर जातो. झाकण परत लावायचं कधी लक्षात राहायचं, कधी नाही. पण अलार्म त्या दिवसापासून मुका. ह्याला म्हणतात डोकं!

छप्परवाल्याचं नाव वॉल्टर. साठी उलटलेली, मिशा पांढऱ्या, टोपी लाल. त्याने शिडी गाडीवरून उतरवलीच नाही. रस्त्यापलीकडे जाऊन खिशात हात घालून नुसता वर बघत राहिला.

"वर नाही चढणार तुम्ही?" ज्ञानदाने विचारलं.

"आधी बर्फ वाचतो," तो म्हणाला. "ये, तूही बघ."

तिने पाहिलं. छप्पर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं. फक्त एका जागी, चार चटया मावतील एवढा काळाभोर तुकडा उघडा पडला होता आणि त्यातून वाफ निघत होती. त्याच्याखाली पागोळीला मुसळाएवढे बर्फाचे सुळे.

"तिथे खालून ऊब लागते," वॉल्टर म्हणाला. "बर्फ वितळतो, पाणी कडेला येऊन गोठतं. मागून येणाऱ्या पाण्याला वाट मिळत नाही. मग ते उलटं फिरतं, थेट तुझ्या पलंगावर."

"पण ऊब कुठून?"

"माळा तर बंद असतो. हीटिंगचा जुना पाइप सुटला असणार. ह्या लोकांनी वीस वर्षांत ढुंकून बघितलं नसेल. मी तसंच लिहितो." त्याने खिशातून कागद काढला, पेनाचं टोपण दातांनी ओढलं.

जिंकलो! ज्ञानदाने मनातल्या मनात कॉर्नरच्या फ्लॅटमध्ये पलंग खिडकीपाशी लावूनसुद्धा टाकला.

तेवढ्यात वरची खिडकी खाडकन उघडली. सिया हातात कालथा घेऊन ओरडली, "ज्ञानदा, पोहे टाकतेय गं! झाकण उघडू का?"

ज्ञानदाने खिडकीकडे पाहिलं. मग खिडकीच्या बरोब्बर वरच्या त्या काळ्या तुकड्याकडे. उणे बारा डिग्रीत तिला दरदरून घाम फुटला.

"काय म्हणतेय ती?" वॉल्टरने पेन थांबवून विचारलं.

त्याला मराठीचा ओ की ठो कळत नव्हता. 'गुड मॉर्निंग म्हणतेय' एवढं म्हटलं की कॉर्नरचा फ्लॅट खिशात. पण अकरा मेल, सव्वीस फोटो आणि तो तक्ता तिच्या डोळ्यांपुढून सरकले.

"ती विचारतेय," ज्ञानदा म्हणाली, "की हीटर चालू करू का."

मग तिने फोडणी, अलार्म, मॉपचा दांडा, उघड्या झाकणातून माळ्यावर जाणारी घरातली ऊब, सगळं सांगून टाकलं. वॉल्टर इतका हसला की त्याची टोपी बर्फात पडली. त्याने 'जुना पाइप' खोडलं.

"झाकणाला कुलूप नाही, ही चूक त्यांची. दांडा तुमचा. फिटंफाट लिहितो," तो म्हणाला. "आहे ते घर टिकेल. कॉर्नरचं विसर."

ज्ञानदा तीन जिने चढून गेली. किल्ली खिशातच होती, पण तिने बेल वाजवली. सियाने दार उघडलं. मागून रेणू डोकावली.

"अगं, आत ये ना! कोण हवंय?" सियाने विचारलं.

ज्ञानदा उंबऱ्याबाहेर सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी."