दुसरा त्रिकोण

बर्फावरूनही धावणारी बोट एकच होती. आणि हेल्गेसन सरांच्या पेन्सिलीचं टोक आतापर्यंत दोनदा मोडलं होतं.

सरांची बायको सॉल्वेग सकाळी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेली होती. मार्चचा महिना, बर्फाचा काय भरवसा! आत्ताच ओसरीतल्या वायरलेसवर तिचा आवाज आला होता, "घरापासून सरळ रेषेत दीड मैल आलेय, पण दिशा धुक्यात कळत नाही. बर्फ तडकतोय. आकाशात लाल बाण सोडते." पुढे नुसती खरखर.

घरासमोर धुकं मी म्हणत होतं. इथून बाण दिसलाच नाही. अडीच मैलांवर, पलीकडच्या किनाऱ्यावर लॉयडचं गळांचं दुकान. तिथून त्याला दिसला. होकायंत्र बघून त्यानं फोनवर सांगितलं, "तुमच्या घराच्या रेषेपासून तीस अंश डावीकडे. लांब की जवळ, देव जाणे!"

दोन बाजू, एक कोन. सरांनी चाळीस वर्षं हेच शिकवलं होतं. त्यांनी साइनचा नियम मांडला, कॅल्क्युलेटरची बटणं बडवली.

"इथून लॉयडच्या दुकानाच्या रेषेपासून उजवीकडे चौऱ्याण्णव अंश! निघ, डोना, निघ!"

बचाव पथकाची डोना कोस्की एक पाय बोटीत टाकून तशीच थांबली. तीही सरांचीच विद्यार्थिनी.

"सर, तिकडे नदीचं तोंड आहे. तिथे अख्ख्या हिवाळ्यात बर्फ धरत नाही. बाई काय पाण्यावरून चालत गेल्या?"

"अगं, आकडे खोटं बोलतात का? गणितात कच्ची ती कच्चीच राहिलीस! ती तिकडे बुडतेय आणि तू वाद घालतेस?" सरांचा आवाज फाटला.

डोनाला लागलं. पण ती एवढंच म्हणाली, "सर, दुसरा त्रिकोण कुठे गेला?"

सरांनी कागद पुन्हा पुढे ओढला. प्रश्न त्यांचाच होता. कॅल्क्युलेटर फक्त लघुकोन सांगतो. त्याच आकड्यांतून विशालकोनाचाही एक त्रिकोण निघतो. हे विसरणाऱ्या प्रत्येक पोराला त्यांनी भर वर्गात असंच हटकलं होतं, वर दोन मार्क कापले होते.

"तिच्याजवळचा कोन छप्पन्न नाही, एकशे चोवीस," ते पुटपुटले. "म्हणजे इथून... सव्वीस. सव्वीस अंश! जा गं बाई, जा!"

बोट धुक्यात शिरली. सरांनी कॉफी ओतून घेतली, ती तशीच गार झाली. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना. मनात नुसते आकडे.

विसाव्या मिनिटाला वायरलेस खरखरला. "सापडल्या, सर! कमरेपर्यंत भिजल्यात, पण शिव्या मात्र खणखणीत देताहेत."

सर मटकन खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, आणि आपल्याच गणिताखाली लिहिलं : वजा दोन.