त्रिकोणाचं भोक

बालवाडीतल्या बाईंनी लाकडी पेटी मधोमध ठेवली. झाकणाला गोल, चौकोनी, त्रिकोणी भोकं होती; मुलांनी ज्या त्या आकाराच्या भोकात ठोकळा टाकायचा. सगळ्यांचं झालं. चिमीचा त्रिकोण मात्र काही केल्या जाईना.

“डोकं आहे का खोकं?” बाई म्हणाल्या. पोरं खदाखदा हसली.

चिमी रडवेली झाली. “बाई, आतून कुणीतरी परत देतंय.”

“वर खोटंही बोलतेस? आण इकडे!”

बाईंनी त्रिकोण नीट धरून भोकात सोडला. तो आत गेला आणि सावकाश वर येऊन त्यांच्या बोटांना टेकला.

त्यांनी झाकण उघडलं. आत मुलांनी टाकलेले ठोकळे होते, दुसरं काहीच नव्हतं. एवढ्याशा पोरीला आपण सगळ्यांदेखत खोटं पाडलं, या विचाराने बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाकण लावून त्या चिमीच्या बुटक्या खुर्चीपाशी जमिनीवर बसल्या.

“चुकलं गं माझं.”

“मला नको, आतल्याला म्हणा,” चिमी कुजबुजली. “तुम्ही ओरडलात ना, तेव्हापासून तो रडतोय.”

बाईंनी पेटीवर हात ठेवला. हुंदके दाबणाऱ्या लेकराची पाठ हलावी, तशी ती हाताखाली हलत होती.