शेवटची पिशवी

“आई, हे काय?” बसस्थानकावर मुलाने आईच्या पर्समधून गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी ओढून काढली.

चोरी पकडली गेल्यासारखी आई हसली. “अरे, आत बघ तरी...”

“आत काय असणार? आणखी एक पिशवी!”

वडील खो खो हसले. पिशवीत पिशवी ठेवण्याबद्दल आई घरात प्रसिद्धच होती. मुलाने एका हाताने पिशवी कचरापेटीवर धरली, दुसऱ्या हाताने फोटो काढला आणि मग ती टाकली. फोटोखाली लिहिलं : शेवटचं प्लास्टिक.

“आपण गेलो तरी ही पिशवी राहील,” तो वडिलांना म्हणाला.

“माझ्यापुरतं तर नक्कीच,” वडील म्हणाले.

डोंगरावरच्या या बिनप्लास्टिकच्या सहलीचा मुलाचा हिशेब चोख होता. माणसं तीन, बॅग एक. लाकडी ब्रश, फडक्यात गुंडाळलेला साबण, पाण्याला तांब्याच्या बाटल्या. वडिलांच्या गोळ्यासुद्धा त्याने पाकिटांतून सोडवून एका स्टीलच्या डबीत भरल्या होत्या. तेवढाच डोंगरावरचा कचरा कमी. या काटकसरीचं कौतुक करायला फोनमध्ये पुष्कळ माणसं होती. त्यांतलं कुणी सोबत येणार नव्हतं.

“डबीतल्या गोळ्या तुला ओळखू येतात ना रे?” बसमध्ये आईने विचारलं.

“हो गं,” तो म्हणाला. फोटो किती जणांना आवडला ते तो पाहत होता.

मुक्कामाची जागाही त्यानेच निवडलेली. गाडी वर जात नाही, म्हणून धूर नाही. शेवटची चढण पायी. वडील दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा देखावा छान असल्याचं म्हणाले.

खोलीत शिरताच त्यांनी भिंत धरली. “जरा गरगरतंय.”

निघायच्या गडबडीत सकाळची प्रेशरची गोळी राहिली होती. मुलाने डबी उघडली. सगळ्या पांढऱ्या. काहींवर मधोमध रेघ, काही सपाट, काही किंचित लहान.

“यातली प्रेशरची कुठली?”

“मला काय विचारतोस? मी पाकिटाच्या रंगावरून देते. निळं ते प्रेशरचं.”

त्याने घराजवळच्या औषधवाल्याला फोन लावला. औषधवाल्याने तिन्ही नावं घडाघडा सांगितली. “पण फोनवरून गोळी कशी ओळखू, साहेब? अंदाजाने देऊ नका हं. साखरेची जास्त गेली तर घात होईल.”

खाली जाणारी वाट काळोखात बुडत चालली होती. वडील पलंगावर आडवे झाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“पाकिटं होती रे,” आई हळूच म्हणाली. “तू फेकलीस ती मी घरच्या कचऱ्यातून काढून घेतली होती. प्रत्येकात एकेक गोळी परत ठेवली होती, ओळखायला.”

“मग कुठायत?”

आई नुसती त्याच्या फोनकडे पाहत राहिली.

त्याने सकाळचा फोटो उघडला. दोन बोटांनी मोठा केला. पातळ पिशवीतून चंदेरी पाकिटं दिसत होती. एकावर निळा पट्टासुद्धा होता. त्यात आईने परत ठेवलेली गोळी बघायला त्याने फोटो आणखी मोठा केला.

गोळीच्या जागी त्याचाच अंगठा होता.